बँकेने नाही म्हटलं ते बरंच झालं

गोव्यात मोपाच्या विमानतळावर ५ जानेवारी २०२३ ला विमानं उतरायला लागली आणि त्यानंतरचे तीन-चार महिने पेडणे तालुक्यात ज्याच्याकडे एक बाइक आणि दोन मोबाईल होते असा प्रत्येक माणूस प्रॉपर्टी एजंट झाला होता. त्यातला एक माझ्याही वाट्याला आला. मित्राच्या मित्राचा ओळखीचा, एवढीच ओळख. म्हणाला, चारशे मीटर, पाच हजाराने मीटर, वीस लाखात जागा तुमची, दोन वर्षांत डबल झाली नाही तर माझं नाव बदला. (गोव्याबाहेरून कोणी वाचत असेल तर सांगतो, आमच्याकडे गुंठे नाहीत आणि स्क्वेअर फूटही कोणी बोलत नाही, जमीन असो की फ्लॅट, सगळं मीटरात, म्हणजे चौरस मीटर.)

जागा बघायला गेलो तेव्हा काजूचा सीझन चालू होता, रस्त्याला हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास, जागेत एका बाजूला काजूची सहा-सात झाडं, एका कोपऱ्यात पडकं मातीचं घर, आणि मी खरंच सांगतो, मला ती जागा आवडली. मनातल्या मनात कंपाउंड घालून झालं, गेट कुठे ते ठरलं. आता कळतं की एजंट लोक जागा दाखवायला नेहमी संध्याकाळी का नेतात.

पैशांचं गणित सोपं होतं. कुंडईच्या फॅक्टरीत आठ वर्षं नोकरी करून मी बारा लाख जमवले होते आणि बाबांची आठ लाखांची एफडी होती. बाबांचं म्हणणं एकच, रीण नको. त्यांनी आमचं घर एकेक ट्रक चिरे आणून बांधलंय, पहिल्या वर्षी पाया, तिसऱ्या वर्षी भिंती, सातव्या वर्षी लादी, आणि एक रुपया कोणाकडून घेतला नाही ही गोष्ट ते दर चवथीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. त्यांच्या हिशेबात कर्ज काढून जागा घेणं म्हणजे ऋण काढून सण. मी म्हटलं, बाबा एफडी मोडू नका, आठ लाख बँकेकडून घेतो, पगारातून फेडेन. थोडी कुरबुर झाली, पण मानले. आणि त्या आठ लाखांनी आमचे वीस लाख वाचवले, ते कसं ते सांगतो.

बँकेत गेलो तर मॅडमनी कागदांची यादी हातात दिली. फॉर्म एक-चौदा (आमचा सातबारा म्हणा), सर्व्हे प्लॅन, झोनिंग सर्टिफिकेट, कन्व्हर्शन सनद (जागा बिगरशेती केल्याचा कागद), मागच्या तीस वर्षांची डीड्स म्हणजे खरेदीखतं, निल एन्कम्ब्रन्स (जागेवर बोजा नसल्याचा दाखला). मी यादीचा फोटो एजंटला पाठवला. फोन आला, आवाज बदललेला. "भाऊ, लोन कशाला? वीस लाखाला कोण लोन काढतं? मालक थांबणार नाही, पुण्याची पार्टी बसलीय कॅश घेऊन." मला तेव्हा संशय यायला पाहिजे होता. आला नाही. मी उलट मॅडमना म्हटलं की जरा लवकर करा, पुण्याची पार्टी बसलीय.

बँक आपल्या पॅनलवरच्या वकिलाला फाईल देते, फी आपल्याकडूनच घेते, सात-आठ हजार गेले असतील. बारा दिवसांनी दोन पानांचा रिपोर्ट आला आणि लोन नामंजूर.

त्या दोन पानांत चार गोष्टी होत्या. पहिली, फॉर्म एक-चौदावर जे नाव होतं ते मालकाच्या आजोबांचं. आजोबा वारून खूप वर्षं झालेली, पण वारसांची इन्व्हेंटरी कधी केलीच नव्हती, म्हणजे कोणाच्या वाट्याला काय आलं हे कागदावर कुठेच नाही. विकायला निघाला होता तो चार भावांतला एक. तीन भावांच्या सह्या तो आणून देणार होता. दुसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली, त्यातला एक भाऊ पोर्तुगालला, त्याची सही पॉवर ऑफ अॅटर्नीने येणार होती, पण त्याच्या बायकोची सही कुठेच नव्हती. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी त्याची अर्धी तिची, मग ती वडिलोपार्जित का असेना. तिची सही नसलेलं सेल डीड म्हणजे उद्या ती लिस्बनहून आली आणि कोर्टात उभी राहिली तर आपण संपलो. आणि तिसरी, झोनिंगमध्ये जागा अर्धी सेटलमेंट, म्हणजे वस्तीची, आणि अर्धी ऑर्चर्ड, म्हणजे बागायतीची. जिथे मी मनात गेट लावलं होतं ती बाजू ऑर्चर्डमध्ये.

हे सगळं एजंटला विचारलं तर म्हणतो, झोनचं टेन्शन घेऊ नका, सतरा-दोनमध्ये करून देतो. तेव्हा टीसीपी, म्हणजे नगरनियोजन, कायद्याच्या त्या नव्या १७(२) कलमाची जिथे तिथे चर्चा होती, नकाशातली चूक दुरुस्त करण्याच्या नावाखाली झोन बदलून मिळतो म्हणून. पुढे मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियमच रद्द केले. त्या भरवशावर ज्यांनी ऑर्चर्ड घेतलं ते आता काय करतायत मला माहीत नाही, काजू विकत असतील.

आणि चौथी गोष्ट, ते पडकं घर. एक-चौदामध्ये शेवटी इतर हक्कांचा रकाना असतो, तो कोणी वाचत नाही कारण झेरॉक्समध्ये तो नेहमी फिकट येतो. त्यात एका माणसाच्या घराची नोंद होती. म्हणजे तिथे मुंडकार असू शकतो. १९७५ चा मुंडकार कायदा आहे, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहिलेल्याला बाहेर काढता येत नाही, उलट घर आणि त्याच्या भोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क त्यालाच आहे. घराला छप्पर नाही म्हणून मुंडकारही नाही असं मी धरून चाललो होतो. वकिलाने तसं धरलं नाही.

मी पहिले चार दिवस बँकेवर चिडलो होतो. मग एकदा शांतपणे बसलो आणि विचार केला की बाबांची एफडी मोडून कॅशमध्ये, म्हणजे चेकनेच पण लोनशिवाय, व्यवहार केला असता तर हे दोन पानी कोणी मला लिहून दिलं असतं? आपला वकील लावतो आपण, पण आपला वकील आपल्याला जागा आवडलीय हे ओळखून असतो. बँकेच्या वकिलाला तुमचं कंपाउंड, तुमचं गेट याचं काही पडलेलं नसतं. त्याला फक्त एवढंच बघायचं असतं की तुम्ही हप्ते बुडवले तर ही जागा विकून बँकेचे पैसे वसूल होतील का. आणि पहिल्यांदा जागा घेणाऱ्या माणसाला नेमका हाच प्रश्न सुचत नाही. म्हणून मला आता कोणी विचारलं की पैसे आहेत तर लोन कशाला, तर मी सांगतो की थोडं का होईना लोन घे, नंतर वाटलं तर फेडून टाक. फ्लोटिंग रेटच्या होम लोनला मुदतीआधी फेडलं म्हणून बँक दंड लावू शकत नाही.

याचा अर्थ बँकेने हो म्हटलं की डोळे मिटून सही करायची असा नाही. फॉर्म एक-चौदावर नाव आहे म्हणजे तो मालक, हा समज तर डोक्यातून आधी काढा, ती ताब्याची नोंद आहे, मालकी डीडमधून येते. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर तिथेच थांबा. भातशेतीची जागा तर २०२३ च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला घेताच येत नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेची, जमीन कोणी "सगळे राहतात तिथे" म्हणून दाखवत असेल तर सरळ घरी या. आणि मालक परदेशात, जुनी पोर्तुगीज कागदपत्रं, मधलाच एक माणूस पॉवर घेऊन फिरतोय असा मामला असेल तर लक्षात ठेवा की खोटी कागदपत्रं करून लोकांच्या जमिनी हडपण्याची एवढी प्रकरणं झाली की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी वेगळी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली. बाकी समुद्राजवळच्या सीआरझेडबद्दल, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांबद्दल, मी काही लिहीत नाही, माझं बजेटच तिथे पोचत नाही.

तर प्लॉटचा नाद सोडला आणि फ्लॅट बघायला लागलो. फोंड्यातच, कारण कुंडई, मडकई, बेतोडा तिन्ही इंडस्ट्रियल इस्टेट जवळ, फर्मागुडीला कॉलेजं, भाडेकरू मिळायला पर्यटकांची वाट बघावी लागत नाही. नवीन बिल्डिंगमधलेही बघितले. तिथे एक बरं, गोवा रेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की मंजुऱ्या, मुदत सगळं दिसतं, आणि अॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. एका बिल्डरने मला बुकिंगलाच तीस टक्के सांगितले. मी दहाचा नियम सांगितला तर म्हणाला, तुम्ही फार वाचता. वर बांधकाम चालू असताना घेतलं तर पाच टक्के जीएसटी वेगळा, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं नाही पण व्याज चालू. माझ्यासारख्याला ते झेपणारं नव्हतं म्हणून जुना, तयार फ्लॅटच घ्यायचा ठरवलं.

हा जो शेवटी घेतला तो मी ऑगस्टमध्ये बघितला, चवथीच्या आधी, आणि मुद्दाम पाऊस कोसळत असताना. टॉप फ्लोअर, टूबीएचके. आत गेल्या गेल्या रंगाचा वास. बेडरूमचा पंखा फुल स्पीडवर आणि खिडकी बंद, बाहेर एवढा गारवा असताना. मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिने पलंगावर चढून सिलिंगला हात लावला आणि बोटं मला दाखवली, ओली. रंग दोन दिवसांपूर्वीचा असावा, त्याखालून पिवळी नकाशासारखी रेघ परत वर यायला लागली होती. मालक म्हणाले, ते दमट हवेमुळे. आम्ही चहा प्यायलो, दमट हवेबद्दल दहा मिनिटं बोललो आणि साडेसत्तेचाळीस सांगितले होते ते शेहेचाळीस लाखांवर आले. हाच फ्लॅट मी फेब्रुवारीत बघितला असता तर वॉटरप्रूफिंगचा खर्च पुढच्या जूनमध्ये कळला असता.

आता फायनान्सचा भाग, जो मला कोणी आधी सांगितला नव्हता. मी समजत होतो बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे शेहेचाळीसच्या वीस टक्के, नऊ लाख वीस हजार आपले, आपल्याकडे तोवर तेरा लाख झालेले, झालं काम. झालं नाही. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या लोनला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ऐंशी टक्के हे बरोबर, पण ऐंशी टक्के कशाचे? बँकेच्या व्हॅल्युअरने जी किंमत काढली त्याचे. बिल्डिंग जुनी, टॉप फ्लोअर, त्याने काढली त्रेचाळीस. त्याचे ऐंशी टक्के चौतीस लाख चाळीस हजार. मंजूर झाले चौतीस. म्हणजे किमतीतलेच बारा लाख आपले, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, एजंटचे दोन टक्के, वकील, प्रोसेसिंग, हे लोनमध्ये धरत नाहीत, ते आमचे चार लाखांच्या आसपास गेले. एकूण सोळा. तीन लाख कमी पडले आणि शेवटी बाबांची एफडी मोडलीच. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी चवथीला चिऱ्यांची गोष्ट दोनदा सांगितली.

अजून एक. मालकांनी मध्येच सुचवलं की आठ लाख कॅश द्या आणि कागदावर अडतीस दाखवू, दोघांचीही ड्युटी-टॅक्स वाचेल. एक तर प्रॉपर्टीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त कॅश घेणं बेकायदा, जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकतो. आणि कागदावर अडतीस म्हणजे बँक अडतीस धरूनच लोन देणार, त्याचे ऐंशी टक्के तीस लाख चाळीस हजार. माझ्याकडचे सोळा जमत नव्हते, एकोणीस-वीस कुठून आणू? नाही म्हटलं. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक नको, परवडतच नव्हतं.

चौतीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साडेएकोणतीस हजार. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले चोवीस हजार व्याज आणि मुद्दल फक्त पाच हजार चारशे. ते स्टेटमेंट बघितलं तेव्हा पोटात गोळा आला होता. भाडं येतं चौदा हजार. मेंटेनन्स दीड हजार. म्हणजे दर महिन्याला खिशातून सतरा हजार जातात. वर्षाचं भाडं एक लाख अडुसष्ट हजार, त्यातून मेंटेनन्स आणि एक महिना रिकामा गेला असं धरून वजा केलं तर एक लाख छत्तीस हजार उरतात, आणि माझे घातलेले पन्नास लाख. पावणेतीन टक्केसुद्धा नाही! साडेआठ टक्क्याने घेऊन पावणेतीनने कमावतोय, आणि मधला फरक भाव वाढतील या आशेवर सोडलाय. यूट्यूबवर जे सांगतात की भाड्यातून हप्ता निघतो, त्यांनी मला गोव्यातला तसा एक फ्लॅट दाखवावा. माझ्या मते लोन किती घ्यायचं हे भाडं शून्य धरून ठरवावं, सहा महिने फ्लॅट रिकामा राहिला तरी रात्री झोप लागेल एवढंच.

झोपेवरून आठवलं, आमच्याच कंपनीतल्या एकाने २०२१ मध्ये तीस लाख घेतले होते, पावणेसात टक्क्यांनी, तेव्हा व्याज पडलेलं. हप्ता बावीस हजार आठशे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) चारवरून साडेसहा झाला, याचा रेट सव्वानऊ. हप्ता काही वाढला नाही म्हणून तो खुश. मग एकदा कँटीनमध्ये स्टेटमेंट उघडून बघितलं तर महिन्याचं व्याजच साडेबावीस हजार. मुद्दलात जात होते दोन-अडीचशे रुपये, एका मासळीच्या थाळीचे पैसे. बँकेने गुपचूप मुदत लांबवली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की रेट बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला विचारा, पण विचारलेलं पत्र वाचायला तरी हवं. माझ्या बाबतीत उलटं झालं, २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, मी हप्ता तोच ठेवला, मुदत आपोआप कमी झाली. आणि पहिलं वर्ष संपलं तेव्हा बोनसचा एक लाख लोनमध्ये भरला होता, त्या एका लाखाने शेवटचे सोळा हप्ते उडाले. एक्सेलमध्ये तीनदा तपासलं, विश्वास बसेना.

टॅक्सचं गोव्यात एक वेगळंच आहे आणि बाहेरच्या सीएंना ते माहीत नसतं. आपल्या त्याच जुन्या सिव्हिल कोडमुळे भाड्याचं उत्पन्न नवराबायकोत अर्धं-अर्धं धरतात, इन्कम टॅक्स कायद्यातच तशी तरतूद आहे, पगार मात्र ज्याचा त्याचा. म्हणून आमचं चौदा हजार भाडं सात-सात होतं, आणि तो साधा एक नंबरचा रिटर्न फॉर्म आम्हाला चालत नाही. पहिल्या वर्षी मी सगळं माझ्याच नावावर दाखवलं, नोटीस आली नाही पण पुढच्या वर्षी सीएने कपाळाला हात लावला.

भाडेकरूबद्दल थोडंच. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, पोलीस स्टेशनला व्हेरिफिकेशनचा फॉर्म, दोन महिन्यांचं डिपॉझिट. पहिला भाडेकरू बेतोड्याच्या कंपनीतला, सोन्यासारखा माणूस, पण त्याचा गीझर दर तीन महिन्यांनी बिघडायचा. पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायचं काय असं मित्र विचारतात. त्याला टुरिझम खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ पासूनचा कायदा आहे, सोसायटीची भांडणं वेगळी, जून ते सप्टेंबर काय ते तुम्हाला माहीतच आहे, आणि फोंड्यात कोण येणार, देवदर्शनाला येतात ते संध्याकाळी परत जातात.

परवा त्याच एजंटचा फोन आला होता. नाव बदललेलं नाही. आता दोडामार्गला जागा आहे म्हणे, गोव्याची हद्द ओलांडली की लगेच, एकदम स्वस्त, डोंगराचा व्ह्यू. मी म्हटलं ते महाराष्ट्रात येतं, शेतजमीन असेल तर मी शेतकरी नाही, मला घेता येणार नाही. म्हणाला, ते बघू या, माणूस आहे आपला. मी म्हटलं बरं, सातबारा तेवढा व्हॉट्सअॅप कर, बँकेत दाखवतो. दोन निळ्या टिका आल्यात. सातबारा अजून आलेला नाही.